पिन पिवळ्यात थरथरते तेव्हा: टार्गेट पॅनिक का होतं आणि त्यातून बाहेर कसं यायचं

कंपाउंड (कप्प्यांचं) धनुष्य पूर्ण ओढलेलं आहे, अँकर (चेहऱ्याशी हात टेकायची ठरलेली जागा) बसला आहे, पीपमधून (दोरीतल्या बारीक छिद्रातून) स्कोप (नेमाचं भिंग) नीट दिसतो आहे. पण पिन (नेमाचा ठिपका) लक्ष्याच्या मधल्या पिवळ्याच्या खाली, लाल रिंगणात अडकून बसली आहे. तिरंदाजाला ती वर न्यायची आहे, दंडात ताकदही आहे, तरी ती वर सरकत नाही. चार-पाच सेकंद अशी जातात. मग हात एकदम वर झटकतो, पिन पिवळ्यावरून जाता जाताच बोट दोरी सोडणाऱ्या ‘रिलीज’ या साधनाच्या ट्रिगरवर आपटतं आणि बाण सातात लागतो. महिन्यापूर्वी हाच मुलगा सरावात सलग दहा-दहा मारत होता. धनुष्य तेच, बाण तेच, ट्यूनिंगही तेच.

याला जगभरचे तिरंदाज ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. आपल्याकडे मात्र अशा मुलाला ‘घाबरतोस कशाला’, ‘कॉन्फिडन्स ठेव’, ‘सराव वाढव’ असं सांगितलं जातं. यातला तिसरा सल्ला सर्वात घातक आहे, कारण चुकीचा शॉट रोज दोनशे वेळा मारला तर तोच पक्का होतो. टार्गेट पॅनिक म्हणजे भित्रेपणा नव्हे. ती शरीराने शिकलेली एक चुकीची सवय आहे, आणि शिकलेली सवय मोडून नवी लावता येते. त्यासाठी काही महिने द्यावे लागतात आणि पद्धत कडक पाळावी लागते.

बोट इतक्या घाईत का आपटतं?

पिन कधीच पूर्ण स्थिर नसते. जगातल्या उत्तम तिरंदाजाचीही नसते. हातात ताण असताना स्नायूंना सूक्ष्म कंप असतोच, त्यात छातीचा ठोका आणि श्वास यांची भर पडते. पिन दहाच्या आत-बाहेर तरंगत राहते आणि हे अगदी नॉर्मल आहे.

अडचण सुरू होते ती डोळ्याने हुकूम द्यायला घेतल्यावर. ‘पिन मध्यात आली, आता दाब!’ असा निरोप डोळ्याकडून बोटापर्यंत पोचायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. तेवढ्यात पिन पुढे सरकलेली असते. शिवाय असा अचानक हुकूम एकट्या बोटाला पोचत नाही. पंजा आवळतो, मनगट ताठरतं, खांदा वर येतो. पुढचा हात मागच्या हाताच्या तुलनेत फक्त एक मिलिमीटर सरकला तरी काय होतं, त्याचा हिशोब करून पाहा. नॉकपासून (बाणाच्या मागच्या खाचेपासून) रेस्टपर्यंतचं (बाण टेकतो त्या आधारापर्यंतचं) अंतर ७० सेंटिमीटर धरलं, तर ५० मीटरवर तो एक मिलिमीटर सुमारे ७ सेंटिमीटर होतो. कंपाउंडच्या ८० सेंटिमीटर फेसवर (लक्ष्याच्या कागदावर) दहाचं रिंगण फक्त ८ सेंटिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे मध्यापासून ४ सेंटिमीटर. नेम अगदी मध्यावर असला तरी एका मिलिमीटरच्या झटक्याने बाण नवात जातो.

बाण नवात गेला की मेंदू त्यावरून धडा घेतो, पण चुकीचा. ‘उशीर झाला, पुढच्या वेळी आधी दाब.’ मग पिन मध्याकडे येत असतानाच बोट हलायला लागतं. काही आठवड्यांनी पिन रिंगणाच्या काठाशी आली तरी हलतं. फटाक्याची वात पेटवताना ठिणगी दिसायच्या आधीच हात मागे येतो, तसंच हे आहे. शेवटी मेंदूत ‘मध्य म्हणजे स्फोट’ अशी गाठ बसते. तो स्फोट टाळायला शरीर पिनला मध्यापर्यंत जाऊच देत नाही. पिवळ्याखाली गोठलेली पिन ही तिथून येते. ट्रिगरवर झटका मारणं आणि पिन खाली गोठणं ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण मूळ एकच आहे.

रिकर्व्हमध्ये (कप्प्या नसलेल्या, बोटांनी सोडायच्या धनुष्यात) हेच क्लिकरच्या रूपाने दिसतं. बाणाचं टोक क्लिकरच्या पट्टीखालून बाहेर आलं की ‘टक’ होतं आणि बोटं सुटतात. पॅनिक झालेला तिरंदाज एक तर ‘टक’ व्हायच्या आधीच सोडतो, नाही तर शेवटचे दोन मिलिमीटर त्याला काही केल्या ओढता येत नाहीत. इंडियन राउंड या आपल्याकडच्या स्पर्धाप्रकारातल्या बांबूच्या धनुष्याला क्लिकरच नसतो. तिथे मुलं अँकरपर्यंत न पोचताच, गालाच्या अलीकडेच दोरी सोडतात. कोच ‘पूर्ण ओढ, पूर्ण ओढ’ म्हणून ओरडत राहतात. मुलाला ओढायचं असतंच, पण पिवळं दिसलं की बोटं उघडतात.

छातीचा ठोका थांबवायचा नाही

दडपणात शरीर काय करतं, हे माहीत असलं तर त्याची धास्ती निम्मी कमी होते. अॅड्रेनालिन वाढतं, ठोके वाढतात, श्वास वरवरचा होतो, तळहाताला घाम येतो, बोटांची बारीक जाणीव कमी होते, नजर अरुंद होते. मोठे स्नायू पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी सज्ज होतात. नेमकं बोटाचं बारीक काम बिघडतं, आणि तिरंदाजीत तेच लागतं.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, तिरंदाजांचे ठोके टीव्हीच्या पडद्यावर दाखवले होते. महिलांच्या वैयक्तिक अंतिम सामन्यात शूट-ऑफच्या (बरोबरी फोडणाऱ्या) एका बाणावर सुवर्ण ठरणार होतं. कोरियाची आन सान तेव्हा मिनिटाला ११८ ठोक्यांवर होती आणि रशियाची येलेना ओसिपोवा १६७ वर. आन सानने दहा मारला, ओसिपोवाने आठ. यावरून ‘ठोका कमी तो जिंकला’ असा सरळ निष्कर्ष काढू नये. लक्षात घ्यायचं ते हे की ११८ हासुद्धा विश्रांतीचा ठोका नव्हे. जिंकणारीचंही हृदय धावत होतं. ते धावत असतानाच शॉटचा क्रम पार पडतो की नाही, एवढाच प्रश्न असतो.

ठोक्यांचा परिणाम खरा आहे, म्हणूनच बीटा-ब्लॉकर ही औषधं तिरंदाजीत बंद आहेत, स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही. रक्तदाब, मायग्रेन किंवा हातांच्या कंपासाठी डॉक्टर अनेकदा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात. तिरंदाजाने किंवा पालकांनी ‘मी तिरंदाजी खेळतो’ हे डॉक्टरांना आधीच सांगावं आणि गोळीचं नाव तपासून घ्यावं. दुसरं औषध चालत नसेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा रीतसर अर्ज करावा लागतो. ‘टेन्शन कमी होईल’ म्हणून कुणाची गोळी घेणं हा सरळ सरळ डोपिंगचा गुन्हा आहे.

श्वासाने मात्र ठोका काही प्रमाणात खाली आणता येतो, आणि त्याला काही खर्च नाही. श्वास सोडताना ठोका किंचित मंदावतो. त्यामुळे घेण्यापेक्षा सोडणं लांब ठेवायचं: चार आकडे मोजत नाकाने घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा. लाइनवर जाण्याआधी असे चार-पाच श्वास आणि प्रत्येक बाणाआधी एक पुरे. ओढताना श्वास आत घ्यायचा, अँकरला आल्यावर थोडा सोडून थांबायचं. अँकरनंतर साधारण आठ सेकंद होऊन गेले की स्नायू थकतात, कंप वाढतो, डोळ्यासमोरचं चित्र धूसर होतं. त्यानंतर मारलेला बाण म्हणजे निव्वळ जुगार.

आधी धनुष्याकडे बघा

मनाचे उपाय सुरू करण्याआधी सामान तपासावं, कारण बऱ्याच मुलांच्या पॅनिकची सुरुवात जड धनुष्यातून झालेली असते. जे पेलवत नाही ते लवकर सोडावंसं वाटणारच. परीक्षा सोपी आहे. खुर्चीवर बसायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, बाण लावून बटरेसकडे (बाण अडवणाऱ्या जाड गादीकडे) तोंड करायचं. धनुष्य आकाशाकडे न उचलता सरळ ओढायचं, २० सेकंद धरायचं आणि तसंच सावकाश परत आणायचं. जमलं नाही तर पाउंडेज (ओढायचं वजन) जास्त आहे. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमांनी कंपाउंडची कमाल मर्यादा ६० पाउंड आहे, पण मर्यादा म्हणजे लक्ष्य नव्हे.

कंपाउंडचं वजन लिंब बोल्टने (धनुष्याची पाती धरणाऱ्या बोल्टने) कमी करता येतं. एका पूर्ण फेऱ्याला साधारण दोन-तीन पाउंड फरक पडतो. वरचा आणि खालचा बोल्ट अगदी सारखा फिरवायचा, आणि उत्पादकाने दिलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त सैल कधीही करायचा नाही. चार-पाच पाउंड उतरवले की साईटचे आकडे बदलतात, कधी बाणाचं ट्यूनिंगही बदलतं. पॅनिकवर काम चालू असताना त्याची फिकीर करू नये.

स्कोपची लेन्स हे दुसरं कारण. जास्त पॉवरच्या लेन्समध्ये दहा मोठा दिसतो, पण पिनची थरथरही तितकीच मोठी दिसते. हात जितका हलतो तितकाच हलत असतो, डोळ्याला मात्र वादळ दिसतं. पॅनिक असेल तर लेन्स एक पायरी कमी पॉवरची लावा. बारीक ठिपक्याऐवजी दहाभोवती बसणारं वर्तुळ लावलं तर ‘अगदी मध्यावर’ हा हट्टही सुटतो.

तिसरं कारण म्हणजे ट्रिगर. झटका मारणारे तिरंदाज ट्रिगर हलका करत जातात, इतका की स्पर्श होताच सुटतो. मग बोटाला ट्रिगरवर टेकायचीही भीती वाटते आणि ते दूर उभं राहून आपटतं. ट्रिगर उलट थोडा जड हवा, म्हणजे अंगठा किंवा बोट त्यावर निर्धास्त टेकवता येईल आणि पाठ ओढत असताना दाब आपोआप वाढेल.

रिकर्व्हवाल्यांनी क्लिकरची जागा पाहावी. नीट अँकरला आल्यावर बाणाचं टोक पट्टीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत असावं. याहून जास्त असेल तर शेवटी ओढाताण होणार आणि पॅनिकला आयतं निमंत्रण मिळणार. वाढत्या वयाच्या मुलांची ड्रॉ लेंग्थ (ओढायची लांबी) वर्षभरात बदलते, क्लिकर मात्र आहे तिथेच राहतो. दर तीन महिन्यांनी कुणीतरी बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घेऊन हे तपासावं.

रिलीज बदलणं: कशासाठी आणि कसं

मूळ काम एकच: ‘कधी सुटणार’ हा निर्णय डोळ्याच्या हातून काढून घ्यायचा. डोळ्याने फक्त दहाकडे पाहत राहायचं, पाठीने ओढत राहायचं, आणि बाण कधीतरी सुटेल. तो क्षण आधी कळता कामा नये.

यासाठी हिंज रिलीज उपयोगी पडतो. त्याला ट्रिगर नसतो. आत अर्धचंद्राच्या आकाराची एक बारीक चकती असते आणि तिच्या कडेवर हुक टेकलेला असतो. ओढताना हँडल थोडं फिरलं की चकतीची कड सरकते, हुक निसटतो आणि डी-लूप (दोरीवरचा छोटा फास) सुटतो. दुसरा प्रकार ताणावर सुटणाऱ्या रिलीजचा. ओढताना सेफ्टी दाबून धरायची, अँकरला आल्यावर सोडायची, मग ओढ एका ठरलेल्या वजनापुढे गेली की तो आपोआप सुटतो. हे वजन तुमच्या होल्डिंग वेटपेक्षा (पूर्ण ओढल्यावर हातात राहणाऱ्या वजनापेक्षा) दोन ते चार पाउंड जास्त ठेवायचं. उदाहरणार्थ, ५० पाउंडाचं धनुष्य आणि ७० टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर होणारी वजनातली घट) असेल तर हातात १५ पाउंड राहतात. रिलीज १८ च्या आसपास लावायचा.

हिंज हाती आल्या आल्या धनुष्याला लावू नका. आपल्या ड्रॉ लेंग्थएवढा नायलॉनच्या दोरीचा फास करा, एक टोक पुढच्या हातात धरा, दुसऱ्याला हिंज अडकवा आणि घरात बसून शंभर-दीडशे वेळा सोडा. हिंज चुकून मध्येच सुटला तर ओढणारा हात तोंडावर येतो, ओठ फुटतात, दात दुखावतात, आणि दोरी रिकामी सुटली तर धनुष्यही मोडतं. ओढताना भार तर्जनीवर आणि अंगठा हिंजच्या खुंटीवर, अँकर पूर्ण बसल्यावरच अंगठा काढायचा. धनुष्यावरचे पहिले शॉट कोच शेजारी उभा असतानाच.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: रिलीज बदलल्याने पॅनिक बरं होत नाही. दोन-तीन आठवडे सगळं छान वाटतं, मग तिरंदाज हिंजलासुद्धा मनगटाने झटका द्यायला शिकतो. पुन्हा नवा रिलीज, पुन्हा हजारो रुपये. पुढचा सराव केला नाही तर साधन फुकट जातं.

कोऱ्या बटरेससमोर

फेस काढून टाका. बटरेस खांद्याच्या उंचीवर, तीन मीटरवर. ओढायचं, अँकर लावायचा, बाण बटरेसच्या मध्याकडे आहे याची खात्री करायची, मग डोळे मिटायचे आणि फक्त पाठीची हालचाल अनुभवायची. मागच्या हाताचं कोपर डोक्यामागे वळत जातं, फऱ्याचं हाड मणक्याकडे सरकतं, पुढचा हात बटरेसकडे पोचत राहतो. बाण सुटल्यावर मागचा हात मानेमागे आपसूक गेला तर शॉट बरोबर. तो जागेवरच थांबला तर सुटणं फक्त बोटाने झालं. डोळे मिटून सराव करताना आजूबाजूला कुणी फिरत नाही हे पाहायला एक माणूस हवाच.

असे रोज ३० ते ४० बाण, निदान तीन आठवडे. या काळात फेसवर एकही बाण नाही, स्कोअर नाही, मित्राबरोबर ‘एकच राउंड’ नाही. सर्वात अवघड भाग हाच आहे आणि बहुतेक जण इथेच हरतात. जिल्हा निवड चाचणी तोंडावर असेल तर ती सोडायची की नाही, हे घरच्यांनी आणि कोचने एकत्र बसून ठरवावं. आमचं मत विचाराल तर सोडावी. पॅनिकमध्ये खेळलेली प्रत्येक स्पर्धा ती गाठ आणखी घट्ट करते.

याच्या जोडीला दुसरा सराव चौथ्या आठवड्यापासून: नेम धरायचा, पण सोडायचं नाही. पाच मीटरवर ८० सेंटिमीटरचा फेस लावा. ओढा, पिन दहावर न्या, सहा ते आठ सेकंद तिथे तरंगू द्या आणि बाण न सोडता परत आणा. दहा-बारा वेळा. पहिल्या दिवशी पिन इथेही पिवळ्याखाली अडकेल. हळूहळू मेंदूला कळतं की पिन मध्यात आली म्हणून काहीच होत नाही. मध्य आणि स्फोट यांची गाठ सुटते ती इथे. रिकर्व्हमध्ये याचं रूप असं: क्लिकर वाजला तरी सोडायचं नाही, आणखी एक सेकंद ओढत राहायचं आणि खाली आणायचं. दर पाच बाणांत एकदा.

परत आणतानाही काळजी घ्यावी लागते. कंपाउंडमध्ये कॅम (टोकांच्या कप्प्या) उलटताना दोरी हात एकदम पुढे खेचते, १५ पाउंडांचे क्षणात ५० होतात. बोट ट्रिगरमागे किंवा अंगठा खुंटीवर, धनुष्याचं तोंड बटरेसकडेच, आणि कोपर शरीराजवळून. ज्याला हे जमत नाही तो मनातल्या मनात ‘ओढलं म्हणजे सोडायलाच हवं’ असं धरून चालतो, आणि घाईचं निम्मं कारण तेच असतं.

मग प्रत्यक्ष नेमबाजीकडे परत: पाच मीटर, दहा, अठरा, तीस, पन्नास. प्रत्येक अंतरावर निदान चार दिवस. जवळच्या अंतरावर बाण पिनच्या वर किंवा खाली लागेल, कारण बाण डोळ्याच्या पातळीखालून निघतो. तिकडे दुर्लक्ष करा, मोजायचं आहे ते वेगळंच. वहीत प्रत्येक बाणापुढे फक्त खूण करायची: आपोआप सुटला की मुद्दाम सोडला. ‘सोडला’च्या तीनपेक्षा जास्त खुणा एका दिवसात आल्या तर दुसऱ्या दिवशी एक अंतर मागे जायचं. पन्नासवर पोचायला दोन ते तीन महिने लागले तर ते सामान्य आहे.

वीस सेकंदांचा हिशोब

कंपाउंडच्या वैयक्तिक सामन्यात १५ बाण, तीन-तीनच्या पाच फेऱ्या, आणि आलटून पालटून मारताना प्रत्येक बाणाला २० सेकंद. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामना १५० विरुद्ध १४९ असा जिंकला. पंधराही बाण दहात, आणि समोरच्याचा एकच नऊ. त्याच दिवशी साताऱ्याच्या आदिती स्वामीने १७ व्या वर्षी महिलांचं वैयक्तिक सुवर्ण घेतलं. या पातळीवर एक घाईचा बाण म्हणजे अख्खा सामना.

वीस सेकंद कमी वाटतात, पण पुरतात. घड्याळ सुरू होण्याआधीच एक लांब श्वास सोडून झालेला असावा. पहिल्या चार सेकंदांत रिलीज अडकवणं आणि पकड बसवणं, सातव्याला अँकर, मग बबल (धनुष्य सरळ आहे हे दाखवणारा साईटवरचा बुडबुडा) आणि पीप, मग पाठ. बाण बाराव्या ते चौदाव्या सेकंदाला जायला हवा. दहाव्या-अकराव्या सेकंदाला काही बिघडल्यासारखं वाटलं, वाऱ्याचा झोत आला, पिन गोठली, तर लगेच खाली आणा. पुन्हा ओढायला आठ-नऊ सेकंद उरतात आणि ते पुरतात. सोळाव्या सेकंदाला मात्र नाही. म्हणून थांबायचा निर्णय लवकर घ्यायचा. सरावात बझर १५ सेकंदांवर लावला तर सामन्यातले २० ऐसपैस वाटतात.

शॉट चालू असताना मनात एकच शब्द ठेवावा, आणि तो कृतीचा असावा. ‘मागे… मागे… मागे’ हे पाठीला सांगणं आहे. ‘दहा मारायचाय’ हे निकालाला सांगणं आहे, त्याने पाठ हलत नाही. ‘झटका देऊ नको’ हे तर त्याहून वाईट, कारण त्यात झटक्याचीच आठवण आहे. नजर फेसवर बसल्यावर ती पिनकडे येऊ देऊ नये. पिन धूसर दिसली तरी चालेल, दहा स्पष्ट हवा. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी बास्केटबॉलसह अनेक खेळांत हे दाखवलं की कुशल खेळाडूची नजर कृतीच्या आधी लक्ष्यावर जास्त वेळ आणि न हलता टिकते. दडपणात पहिल्यांदा निसटते ती नजरच: पिनवर, घड्याळावर, शेजाऱ्याच्या स्कोअरवर.

बाण गेल्यावरही काम उरतं. ५० मीटर जायला त्याला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतं, आणि तेवढा वेळ पुढचा हात जागेवर ठेवायचा. बाण कुठे लागला हे बघायला डोकं बाजूला काढायची सवय लागली की ते डोकं हळूहळू बाण सुटायच्या आधीच निघायला लागतं.

मागे उभ्या असलेल्या कोचने वारा सांगावा आणि फार तर एक शब्द. स्टँडमधून पालकांनी स्कोअर ओरडू नये. ‘दोनने मागे आहेस’ हे ऐकून कुणाचीच पाठ अधिक चांगली ओढत नाही.

दडपणाचा सरावही करता येतो, पण पन्नासवर स्वच्छ शॉट यायला लागल्यावरच. वीस उठाबशा काढून ठोके वाढवा आणि ३० सेकंदांत तीन बाण मारा. मोबाइलवर गर्दीचा आवाज लावा. सर्वात उपयुक्त सराव मात्र एका बाणाचा: दिवसाच्या सुरुवातीला, वॉर्म-अपचा एकही बाण न मारता, फक्त एक. तोच शूट-ऑफ. तो बाण वहीत वेगळा लिहा.

अमेरिकेतल्या धनुष्य-शिकाऱ्यांकडून

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. अमेरिकेत मात्र परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात धनुष्याने हरणाची शिकार करतात. तिथे याच दडपणाला ‘बक फीव्हर’ म्हणतात. तासन् तास झाडावरच्या मचाणावर बसल्यावर हरीण १५-२० मीटरवर येतं आणि अनुभवी माणसाचेही गुडघे लटलटतात. बाण एकच, वॉर्म-अप नाही, आणि चूक झाली तर किंमत त्या प्राण्याने मोजायची. जखमी हरीण रात्रभर तडफडतं. म्हणून तिथले जाणते शिकारी शॉट न घेण्याचेही नियम आधीच ठरवून जातात: प्राणी पूर्ण आडवा किंवा किंचित पाठमोरा असेल तरच, सावध नसेल तरच, आणि आपण सरावात ज्या अंतरावर प्रत्येक बाण ठरलेल्या २० सेंटिमीटरमध्ये मारतो त्या अंतराच्या आतच.

हरीण दोरीचा आवाज ऐकून दचकतं आणि उडी घ्यायच्या तयारीत खाली दबकतं. आवाज बाणाच्या चौपट वेगाने पोचतो. कान टवकारलेल्या प्राण्यावर बाण सोडू नये, ते यासाठी. ओढायची वेळ म्हणजे प्राण्याचं डोकं झाडामागे गेल्यावर. नजर शिंगांवर गेली की संपलं, ती खांद्यामागच्या एका केसांच्या पुंजक्यावर रोवायची. मचाणावरून खाली मारताना हात खाली न नेता कमरेतून वाकायचं, नाही तर अँकर बदलतो. आणि पूर्ण अंगाचा सेफ्टी हार्नेस झाडाला बांधलेला हवाच, कारण थरथरत्या पायांनी माणसं खाली पडतात. शॉटनंतर लगेच उतरून मागे धावायचं नाही, निदान अर्धा तास जागेवर थांबायचं. पळवलेलं जखमी जनावर लांब जातं.

टार्गेटवरच्या तिरंदाजाने यातून घ्यावं ते हे, की ‘कधी सोडायचं नाही’ याचे नियम लाइनवर उभं राहून ठरत नसतात. ते आदल्या दिवशी वहीत लिहिलेले असावे लागतात: बबल मध्यात नसेल तर खाली, पिन दोन सेकंद गोठली तर खाली, मनात स्कोअरचा आकडा आला तर खाली.

परत आलं तर

येतं. बरं झाल्यावर सहा महिन्यांनी, मोठ्या स्पर्धेआधी, आजारपणानंतर, कधी धनुष्य बदलल्यावर. म्हणून आठवड्यातले दोन दिवस सुरुवातीचे वीस बाण कायम कोऱ्या बटरेसवर ठेवावेत, ऐन हंगामातही. पहिली खूण बहुतेक वेळा पिनमध्ये दिसत नाही, बोटात दिसते: ट्रिगरवर टेकताना ते किंचित कचरतं. त्या दिवशीच स्कोअरिंग थांबवा आणि तीन-चार दिवस पाच मीटरवर जा. इतक्या लवकर पकडलं तर आठवड्यात उतरतं.

सामन्याच्या मध्येच आलं तर दुरुस्तीचा प्रयत्न करू नका. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात लांब सोडलेले चार श्वास घ्या, पंजा सैल सोडून हलवा, पुढच्या बाणाला पिन मध्याऐवजी संपूर्ण पिवळ्यात कुठेही तरंगू द्या आणि फक्त पाठ ओढा. नऊ येतील. सामना संपला की धनुष्य दोन दिवस बॅगेत, आणि तिसऱ्या दिवशी तीन मीटरवर, फेसशिवाय.